कोर्ट उठेपर्यंत

गोपाल पोहोकार आमच्या संस्थेच्या स्कूल बसवर एकोणीस वर्षं ड्रायव्हर होता. मी त्याच संस्थेच्या अमरावतीच्या कार्यालयात अधीक्षक आहे. बसगाड्यांचे कागद, ड्रायव्हरांच्या हजेऱ्या आणि पालकांच्या तक्रारी माझ्याच टेबलावर येतात. एवढ्या वर्षांत गोपालविरुद्ध एकच तक्रार आली. एका पालकांनी लिहिलं होतं की हा ड्रायव्हर गाडी फार हळू चालवतो, त्यामुळे मुलीला घरी यायला रोज दहा मिनिटं उशीर होतो. मी त्याला ती वाचून दाखवली. तो म्हणाला, "बरोबर लिहिलं हाय त्यांनी." आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी तेवढीच हळू चालवत राहिला.

तो मूळचा भातकुली तालुक्यातला. घरची तीन एकर काळी जमीन दोन भावांत, म्हणून बाविसाव्या वर्षी ट्रकवर गेला. पाच वर्षं कापसाच्या गाठी वाहिल्या. लग्न झाल्यावर त्याची बायको पौर्णिमा हिनं ट्रक सोडायला लावला आणि तो आमच्याकडे आला. तीन नंबरची बस त्याची. शेवटचं मूल उतरलं की गाडी आवारात लावायची आणि मागून पुढे येत प्रत्येक सीटखाली वाकून बघायचं, ही त्याची पद्धत. एखादं लहान पोर झोपून गेलं असेल तर, असं तो म्हणायचा. एकोणीस वर्षांत दोनदा सापडलं.

दारू तो प्यायचा. वर्षातून चार-सहा वेळा, सणाला किंवा लग्नात, आणि पिऊन कधी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. हे मला ठाऊक होतं आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं.

आमच्या वऱ्हाडात पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. पोळ्याला बैलांना पुरणपोळी, करीला माणसांना मटण, आणि बऱ्याच घरांत पुरुषमंडळींना सोबत गिलास. एरवी गोपाल करीला आपल्या गावी असायचा. त्या वर्षी सासऱ्यांचा निरोप आला म्हणून तो मोटारसायकलनं अकोल्याला गेला. सासरे वामनराव तिथे जठारपेठेत मुलाकडे, अनुपकडे राहतात. करीच्या दिवशी सासऱ्यानं पुढे केलेला गिलास जावयानं परत करणं म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठण्यासारखं. गोपालनं तो परत केला नाही. त्यानंतरचेही केले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बुधवारी त्यानं दुपारच्या पाळीपुरती ड्यूटी मागून घेतली होती. सकाळी सहाला उठला, कडक पाण्यानं आंघोळ केली, दोन भाकरी खाल्ल्या, तांब्याभर ताक प्याला. आरशात डोळे बघितले, लाल नव्हते. सात वाजता निघाला. अकोल्याबाहेर महामार्गावर पोलिसांची नाकाबंदी होती, कारण करीच्या आगेमागे अपघात फार होतात. त्याला मशीनमध्ये फुंकायला सांगितलं. मशीननं त्रेचाळीस दाखवले. कायद्यात मर्यादा तीसची आहे, शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम. गोपाल म्हणाला, मशीन बिघडली असेल. त्यांनी दुसऱ्या मशीनमध्ये फुंकायला लावलं. बेचाळीस.

मोटारवाहन कायद्याच्या कलम १८५ खाली त्याला अटक झाली. सात वाजून वीस मिनिटांनी अटक, आणि रुग्णालयात गर्दी असल्यामुळे रक्त घेतलं पावणेदहाला. लायसन्स पोलिसांनी ठेवून घेतलं आणि पावती दिली. गाडी ठाण्यात लागली. गुन्हा जामीनपात्र असल्यामुळे अनुपनं हमी लिहून दिल्यावर दुपारी सोडलं. गोपाल तिथून एसटीत बसला तो घरी न जाता थेट माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. पावणेपाच वाजले होते. दुपारी तो आला नाही म्हणून मी बदली ड्रायव्हर पाठवला होता आणि त्याच्यावर चिडून होतो.

"सायेब, उद्यापासून मले गाडी देऊ नका," तो म्हणाला. आणि मग सगळं सांगितलं, वेळांसकट.

मी विचारलं, "हे कोणाकोणाला माहीत आहे?"

आज त्या प्रश्नाची मला लाज वाटते, पण तेव्हा तोच आधी तोंडात आला. गोपालनं थोडा विचार केला.

"मले हाय," तो म्हणाला. "आता तुमाले."

मी म्हटलं, सांगितलं नसतंस तरी चाललं असतं. एकदा माझ्या कानावर आलं की मला ते फायलीवर घ्यावंच लागतं. तो म्हणाला, घ्या. मी टिपण लिहिलं, त्यानं खाली सही केली. त्या दिवसापासून त्याला गाड्या उभ्या करतात त्या शेडमध्ये काम दिलं. हवा बघणं, पाणी बघणं, गाड्या धुणं.

परिवहन कार्यालयाची नोटीस आली तेव्हा तो स्वतः जाऊन उभा राहिला. पहिलाच गुन्हा म्हणून लायसन्स तीन महिन्यांसाठी बंद झालं आणि परत मिळण्याआधी ड्रायव्हिंगचं उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागेल असं सांगितलं गेलं. शेचाळीस वर्षांचा हा माणूस कोवळ्या पोरांबरोबर बाकावर बसून वाहतुकीची चिन्हं पुन्हा शिकला. त्याचं त्याला काही वाटलं नाही. खरा प्रश्न पुढे होता.

आमच्या संस्थेच्या बस नियमावलीत चौदावा नियम आहे. नशेत वाहन चालवल्याचा गुन्हा एकदा जरी सिद्ध झाला तरी त्या माणसाला पुन्हा कधीही शाळेच्या बसवर ड्रायव्हर ठेवायचं नाही. हा नियम मीच टाईप केला होता. म्हणजे लायसन्स तीन महिन्यांनी परत आलं तरी बस परत मिळेल की नाही, हे अकोल्याच्या कोर्टात ठरणार होतं.

अनुपच्या ओळखीच्या मंजुषा वकील अकोल्यात प्रॅक्टिस करतात. कागद वाचायला सोबत म्हणून गोपालनं मला नेलं. ऑफिस लहान, बाई चटपटीत. त्यांनी कागद दोनदा वाचले आणि वेळेवर बोट ठेवलं. अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी असं कायदा म्हणतो. इथे दोन तास पंचवीस मिनिटं झालेली आहेत. शिवाय मशीन शेवटचं कधी तपासलं त्याचा दाखला कागदांत दिसत नाही. गुन्हा नाकबूल करा, असं त्यांनी सांगितलं. दोन-तीन वर्षं तारखा पडतील, पण सुटायची शक्यता चांगली आहे. कबूल केलंत तर दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते, आणि नावावर शिक्षा कायमची. पुन्हा पकडले गेलात तर दोन वर्षांपर्यंत.

गोपालनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, मी सुटलो तर मी प्यालो नव्हतो असं होते का?"

"तसं नाही होत," बाई म्हणाल्या. "पोलिसांना सिद्ध करता आलं नाही, असं होतं."

"मंग मशीननं खरं सांगतलं ते खरंच राहते."

"गोपालभाऊ, तुम्ही मला फी देऊन राहिले की पोलिसांना?" बाईंनी विचारलं, आणि तोही हसला. तेवढंच हसणं त्या दिवसातलं.

परतताना एसटीत मी त्याला दोन्ही बाजू नीट मांडून सांगितल्या. माझं मत स्वच्छ होतं. लढावं. कायद्यानं दिलेली सवड घेण्यात पाप नाही. त्याची मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि जे येत होतं ते त्याच्याइतकं चांगलं कोणाला येत नव्हतं. तो मान हलवत होता. बडनेरा आलं तेव्हा त्यानं विचारलं, "सायेब, गाड्यांचे जुने रजिस्टर तुमी टाकले तर नसतीन ना?"

मी काहीच टाकत नाही. प्रत्येक सकाळी ड्रायव्हर गाडी काढतो तेव्हा रजिस्टरमध्ये वेळ, गाडी नंबर, मुलांची संख्या लिहून सही करतो. ती सगळी रजिस्टरं रेकॉर्ड रूममध्ये वर्षवार लावलेली आहेत. गोपालला ती कशाला हवीत हे मला कळेना. त्यानं सांगितलं. रक्त घेणाऱ्या डॉक्टरला तो म्हणाला होता की मी झोपलो, आंघोळ केली, ताक प्यालो, मग हे राहिलंच कसं. डॉक्टर म्हणाले होते, त्यानं काही होत नाही. दारू शरीरातून आपल्या चालीनं जाते, तासाला थोडी थोडी. रात्री भरपूर घेतली तर सकाळी असतेच. तुम्हाला वाटत नाही एवढंच.

दोन दुपारी तो रेकॉर्ड रूममध्ये बसला. रजिस्टरमध्ये पेन्सिलची खूणसुद्धा मी करू देत नाही, म्हणून त्याला वेगळा कागद दिला. पोळ्याच्या करीनंतरचा दिवस, होळीच्या करीनंतरचा दिवस, गावातल्या लग्नांच्या आठवतील तेवढ्या तारखा. रविवार आणि सुट्ट्या त्यानं वगळल्या. कोरोनाचा काळ वगळला. कधी प्यालो नव्हतो असं खात्रीनं आठवलं ते दिवसही वगळले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं कागद माझ्यापुढे ठेवला. सव्वीस ओळी होत्या. प्रत्येक ओळीत तारीख, निघायची वेळ आणि मुलं. ६.२५, मुले ४१. ६.२५, मुले ३८. ६.३०, मुले ४४. आणि मूळ रजिस्टरात प्रत्येकीसमोर त्याची पूर्ण नावाची सही.

मी म्हटलं, यातल्या एकाही दिवशी काही झालेलं नाही. आणि त्या सकाळी रक्तात किती होती हे आता कोणी सांगू शकत नाही. मर्यादेच्या आतही असेल.

"असन," तो म्हणाला. "पण सायेब, मी तर सगळ्याइले सांगत आलो का मी पिऊन गाडी चालवत नाई. पौर्णिमाले सांगतलं. तुमाले सांगतलं. आता कोर्टात तेच सांगू?"

मी त्याला समजावलं की नाकबूल म्हणणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर असते. त्याला ते पटलं, पण गुन्हा कबूल करायचा निर्णय त्यानं बदलला नाही. ड्रायव्हरची सीट सुटणार हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

पौर्णिमाला त्यानं सांगितलं तेव्हा मी तिथे नव्हतो. तिनं नंतर माझ्या बायकोजवळ बोलून दाखवलं, त्यावरून कळलं. ती म्हणाली, "एवढे खरे होते तर त्या दिवशी माह्या बाबाले नाई म्हणता नाई आलं?" आठ दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. पण तारखेच्या दिवशी पहाटे तिनं डबा भरून दिला, आणि तो दोघांचा दिला, मी सोबत जाणार हे धरून.

फेब्रुवारीतला तो दिवस. अकोल्याच्या कोर्टात त्याचा पुकारा साडेअकराला झाला. न्यायाधीश बाई तरुण होत्या. त्यांनी आरोप वाचून दाखवला आणि गुन्हा कबूल आहे का विचारलं. गोपाल म्हणाला, कबूल आहे. त्यांनी विचारलं की कोणाचा दबाव आहे का, याचा परिणाम काय होईल हे समजलं आहे का. मंजुषा वकिलांनी मान हलवली, पण न्यायाधीश बाईंना ते त्याच्याच तोंडून हवं होतं. त्यानं सांगितलं की समजलं आहे, नोकरीचा नियमही माहीत आहे.

"शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे?"

पहिलाच गुन्हा आहे, घरी शिकणारी मुलगी आहे, दया करावी, एवढं म्हणायचं असं वकिलीणबाईंनी त्याला पढवून ठेवलं होतं.

"मॅडम, मले वाटलं होतं उतरली," गोपाल म्हणाला. "उतरली नव्हती."

दहा हजार रुपये दंड आणि कोर्ट उठेपर्यंत साधी कैद, अशी शिक्षा झाली. म्हणजे संध्याकाळी न्यायाधीश उठून जाईपर्यंत कोर्टाच्या खोलीत बसून राहायचं. तुरुंग नाही, कुलूप नाही, एक लाकडी बाक. शिपायानं सांगितलं की विचारून चहाला जाता येतं, बहुतेक लोक जाऊन येतात. गोपाल गेला नाही. मधल्या सुट्टीत फक्त आमचा डबा खाऊन झाला, तोही व्हरांड्यात, शिपायाच्या नजरेसमोर. बाकी वेळ तो ताठ बसला होता. त्याच्यापुढून चेकच्या केसेस गेल्या, भांडणाच्या गेल्या, त्याच्यासारख्याच आणखी दोन गेल्या. त्यातल्या एकानं कबूल केलं आणि दंड भरून हसत बाहेर पडला.

चारच्या सुमारास गोपालनं मला कुजबुजत विचारलं की माझ्याजवळ कोरा कागद आहे का. माझ्या बॅगेत नेहमी असतो. त्यानं त्यावर संस्थेच्या सचिवांच्या नावे अर्ज लिहायला घेतला. शब्द त्याचेच, मी फक्त सुरुवात कशी करायची ते सांगितलं. मला ड्रायव्हर ठेवता येत नाही हे मला मान्य आहे. मला शेडमध्ये ठेवावे. आणि रोज सकाळी कोणत्याही ड्रायव्हरला चावी देण्याआधी मशीनमध्ये फुंकायला लावावे, ते काम मला द्यावे. सही पूर्ण नावाची. पाच पस्तीसला कोर्ट उठलं, आम्ही उठलो.

सचिवांना अर्ज पसंत पडला नाही. शिक्षा झालेला माणूस चाव्या सांभाळणार हे पालकांना कळलं तर काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. शिवाय बाकीच्या ड्रायव्हरांचा तो अपमान. मी फायलीवर चार ओळी लिहिल्या, सव्वीस तारखांचा तो कागद गोपालच्या परवानगीनं सोबत लावला आणि फाईल परत पाठवली. दोन दिवसांनी ती मंजूर होऊन आली, तीन महिन्यांच्या प्रयोगापुरती. पगार कमी झाला. मशीन आलं.

ड्रायव्हरांना राग आलाच. स्वप्निल नावाचा तिशीतला ड्रायव्हर, ज्याला गोपालची तीन नंबरची बस मिळाली होती, तो रोज फुंकताना काहीतरी बोलायचा. "काका, पकडले गेले तुमी, आन् फुंकून राहिलो आमी." गोपाल आकडा लिहायचा आणि चावी द्यायचा. पहिलं नाव रजिस्टरमध्ये रोज त्याचं स्वतःचं असायचं. गाडी चालवायची नसली तरी तो सगळ्यांसमोर आधी फुंकायचा. मे महिन्यात प्रयोगाची मुदत संपली. ती संपल्याचं कोणी बोललं नाही, आणि मीही आठवण केली नाही.

जुलैतल्या एका सोमवारी सकाळी सव्वासहाला मला घरी गोपालचा फोन आला. आदल्या रविवारी स्वप्निलच्या मित्रांची श्रावण लागण्याआधीची आखाडाची पार्टी झाली होती. मशीननं अडतीस दाखवले होते, पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकल्यावर सदतीस. फोनवर मागे स्वप्निलचा आवाज ऐकू येत होता. झोपलो, आंघोळ केली, पोहे खाल्ले, डोकं एकदम साफ हाय. आणि मग, "काका, मंग तुमीच घेऊन जा ना गाडी. लायसन तर आलं तुमचं वापस."

लायसन्स आलं होतं हे खरं. बदली ड्रायव्हर बडनेऱ्याहून यायचा होता, त्याला पाऊण तास लागणार होता. तीन नंबरच्या मार्गावर एकोणचाळीस मुलं थांब्यांवर उभी राहणार होती. मी विचार केला आणि म्हटलं, "गोपाल, आजच्यापुरती तू ने. मी सांगतो सचिवांना."

तीन नंबरची चावी त्याच्या हातात होती, हे मला न बघता कळत होतं.

"नाई सायेब," तो म्हणाला. "चौदा नंबरात कधीही असं लिहिलं हाय. तुमीच लिहिलं. आज मी नेली तं उद्या याले कोणत्या तोंडानं थांबवू?"

त्यानं बदली ड्रायव्हरला फोन केला. नियमाप्रमाणे स्वप्निलला त्या दिवसापुरतं घरी पाठवलं आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहून त्याची सही घेतली. स्वप्निलनं सही केली, पण पेन टेबलावर आपटलं आणि जाताना काय काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी शेडमध्ये पोहोचलो तेव्हा तीन नंबरची बस नुकतीच फाटकातून बाहेर पडली होती, पन्नास मिनिटं उशिरानं. पालकांचे फोन सुरू झाले होते. एरवी ते मी घेतो. त्या दिवशी गोपालनं फोन आपल्याकडे ओढून घेतला होता आणि टेबलाशी उभा राहून एकेकाला सांगत होता की गाडी निघाली आहे, पन्नास मिनिटं उशीर आहे, ड्रायव्हर बदलला आहे. कारण कोणी विचारलं, तर कारणही सांगत होता.